तोंडात अकरा टाचण्या

आमच्या मास्तरांच्या तोंडात टाचणी दिसली की समजायचं, पारा चढलाय. एक टाचणी म्हणजे गिऱ्हाईक "आजच्या आज हवं" म्हणून गेलंय. दोन म्हणजे मशीनचा पट्टा तुटलाय. तीन म्हणजे माझं काहीतरी चुकलंय आणि मी ते कबूल करत नाहीये. चार-पाच म्हणजे माझा भाऊ आलाय. सातवर गाडी एकदाच गेली होती, त्याच भावाने कापडाच्या कात्रीने पत्रा कापला तेव्हा. बाकीचे लोक मूग गिळून गप्प बसतात, आमचे मास्तर टाचण्या धरून बसतात.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. गल्लीतलं शेंबडं पोरही त्यांना मास्तर म्हणतं, तर मी एकटीनेच "अहो, अहो" करून काय करू? ते मापं घेतात, बेततात, शिवतात. काज, बटणं आणि तुरपाई माझ्याकडे. दुकान खाली, घर वर, मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना. खाली दोन मशिनी, एक बेतायचं लांब टेबल, गिऱ्हाइकाला आपलं पोट आत घेऊन बघता यावं म्हणून एक उभा आरसा, आणि माझं स्टूल. या स्टुलावरून मला सगळी गल्ली दिसते आणि गल्लीला माझा आवाज ऐकू येतो.

हा माणूस जन्मापासूनच शांत असेल असं कुणाला वाटत असेल तर सांगते. आमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाने आरशासमोर उभं राहून तीनदा म्हटलं, "मास्तर, पँट आखूड झाली." चौथ्यांदा म्हटल्यावर यांनी ती पँट काढून घेतली, टेबलावर पसरली आणि गुडघ्यातून सरळ कापली. "घ्या," म्हणाले, "आता झाली आखूड." तो बिचारा अर्धा तास पडद्यामागे उभा होता, कारण आलेला त्याच पँटीवर!

तेव्हा हे ज्यांच्याकडे काम शिकत होते, त्या उस्तादांनी यांना हाकललं नाही. पाच टाचण्या हातावर ठेवल्या. "राग आला की या ओठांत धरायच्या," म्हणाले. "टाचण्या तोंडात असल्या की ओरडता येत नाही, शिवी देता येत नाही आणि दात-ओठही खाता येत नाहीत. आणि लक्ष सगळं टाचण्यांकडे राहतं. हात उचलायला उरतच नाही." तेव्हापासून पंचवीस वर्षं यांचा हात कुणावर उठला नाही. तुम्ही मात्र घरी असलं काही करू नका. त्यांना सवय आहे, आणि तरीही मी रोज बोलतेच.

आता आमच्या शिडीचं सांगायला हवं. शिडी म्हणजे आमची मुलगी. चौदा वर्षांची, नववीत, आणि उंची अशी की माळ्यावरचं काढायला आम्हाला स्टूल लागत नाही. आवाज माझा, राग बापाचा. हसली की खालच्या मशिनी थांबतात. वर्गात चार-पाचजणींचा कंपू, आणि त्यात हिचा शब्द शेवटचा. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं, खोटं कशाला बोलू? आपलं पोर कुणाचं ऐकून घेत नाही, याचा आईला आनंद होतोच. दुसऱ्याच्या पोराला काय ऐकून घ्यावं लागतं, याची चौकशी कोण करतं?

दुकानात मात्र शिडी पाऊल टाकायची नाही. मागच्या दाराने थेट वर. "सगळीकडे दोरे चिकटतात," म्हणायची. सुई हातात दिली की डॉक्टर समोर आल्यासारखा चेहरा करायची.

त्या वर्षी गल्लीच्या पलीकडच्या टोकाला एक नर्सबाई राहायला आल्या. मायलेकी दोघीच. लेक शिडीच्याच वर्गात, पण एवढीशी. शाळेचा कोट आम्हीच शिवला. गडद निळा, सहा काळी बटणं. लहानात लहान मापाचा बेतला तरी बाह्या दोन बोटं आत घ्याव्या लागल्या. पंधरा दिवसांनी पोरगी कोट घेऊन आली. एक बटण गेलं होतं. लावून दिलं. पुढच्या आठवड्यात दोन गेली. तीही लावली. मग आणखी एक गेलं.

मला आला राग. माझं बटण असं निघत नाही हो! मी बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे देते आणि गाठ अशी मारते की कोट फाटेल, पण बटण जागचं हलणार नाही. "काय गं," मी त्या पोरीला म्हटलं, "बटणं खातेस की काय? जेवायला देत नाही का आई?" ती कसनुशी हसली. "पडतात," म्हणाली. मी म्हटलं, "आता बघू कशी पडतात." दोऱ्याला मेण लावलं, दुहेरी घेतला, आणि सहाच्या सहा बटणं पुन्हा पक्की केली. मोठ्या फुशारकीने म्हणाले, "आता हत्ती आला तरी निघायचं नाही. नाव काय गं तुझं?"

"शाळेत मला रीळ म्हणतात," ती म्हणाली.

मला काय हसू आलं! एवढीशी, गोलमटोल, दोऱ्याच्या रिळासारखीच. "कोणीतरी अगदी नेमकं नाव ठेवलंय हं," मी म्हटलं. मास्तरही मापाच्या वहीतून मान वर करून हसले. आम्ही दोघं हसलो त्या पोरीला, आमच्याच दुकानात. आज आठवलं की माझेच कान धरावेसे वाटतात.

मेणाचा दोराही टिकला नाही. पुढच्या खेपेला दोन बटणं गेली होती, आणि पोरीच्या हनुवटीला खरचटलेलं होतं. "बाकावर पडले," म्हणाली. मी आणखी मेण लावलं. अक्कल बघा माझी. कुणीतरी ओढतंय हे डोक्यात यायच्या ऐवजी मी दोरा जाड करत बसले!

मग एका शनिवारी दुपारी नर्सबाई स्वतः आल्या. कोट टेबलावर ठेवला. तीन बटणं नव्हती, आणि त्यांच्या जागी बोट जाईल अशी भोकं पडली होती. दोरा तुटला नाही म्हणून कापडच फाटून आलं होतं.

"हा ठेवून घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "कुणाला तरी होईल. ती शाळेत जाणार नाही म्हणते. का, ते सांगत नाही. रात्रपाळी करून येते, तिच्या उशाशी बसते, विचारते, नुसती भिंतीकडे तोंड करते. सोमवारी शाळेत जाऊन तिचं नाव काढून आणणार आहे मी."

मास्तरांनी एक टाचणी ओठांत धरली, मग काढली. "सोमवार दुपारपर्यंत थांबा," म्हणाले. "कोट दुरुस्त करून घरी पोचवतो. मग तुमचं तुम्ही ठरवा." नर्सबाईंनी मान हलवली, पण कोटाने काय होणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

त्या गेल्या आणि मला एका फ्रॉकची गोल कॉलर आखायची होती, म्हणून मी वर गेले. शिडीच्या दप्तरात कंपासपेटी असते. ती बाहेर खेळायला गेली होती. पेटी उघडली. आत कर्कटक होतं, अर्धी पेन्सिल होती, आणि नऊ काळी बटणं होती.

एकेक उचलून पाहिलं. पाच बटणांना मेणाचा दुहेरी दोरा. त्यातल्या तीन बटणांमागे निळ्या कापडाचा तुकडा. तीन वेढे आणि माझी गाठ. आपल्या हाताची गाठ आपल्याला कळणार नाही का? आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं. चिमुरड्या मुलीला कुणी पिटुकली म्हणेल, बुटकी म्हणेल. रीळ हे नाव टेलरच्या पोरीखेरीज कुणाला सुचणार?

पहिला विचार काय आला सांगू? बटणं लपवावीत. मास्तरांना कळू द्यायचं नाही. पंचवीस वर्षं न उठलेला हात आज उठला तर, ही भीती मला वाटली. मी पेटी मिटली, वळले, तर मास्तर दारातच उभे. खडू शोधत आले होते. त्यांनी हात पुढे केला. मी पेटी दिली. नवऱ्याला फसवणं मला कधीच जमलेलं नाही, माझं तोंडच सगळं सांगतं.

ते पेटी घेऊन वळले. खाली गेले. बटणं टेबलावर एका ओळीत मांडली. मग टाचण्यांच्या गादीकडे हात गेला. एक, दोन, तीन. पाच. सात. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून मोजत होते. अकराव्या टाचणीला थांबले, कारण ओठांत जागाच उरली नाही. मग मशीनवर बसले आणि फाटलेल्या कोटाला आतून कापड लावायला घेतलं. पाय इतका सावकाश चालत होता की एकेक टाका ऐकू येत होता.

साडेपाचला शिडी आली. मी मागच्या दारातच गाठून तिला दुकानात आणलं. तिने टेबल पाहिलं, बापाचं तोंड पाहिलं, आणि टाचण्या मोजल्या. आमच्या घरात सगळे मोजतात. तिचा चेहरा उतरला.

"गंमत होती," ती म्हणाली.

बस्स. माझा तोल गेला. "गंमत? ती पोर शाळा सोडतेय आणि तुला गंमत?" म्हणत मी हात उगारला. तो वरच्यावर धरला गेला. मास्तरांनी माझं मनगट पकडलं, खाली आणलं, आणि गादीतली एक टाचणी काढून माझ्या बोटांत दिली. डोळ्यांनीच म्हणाले, धर. मी आयुष्यात पहिल्यांदा टाचणी ओठांत धरली. लोखंडाची चव लागते, आणि खरं सांगते, दुसरं काही सुचत नाही.

आता बघा, दोघं आईबाप तोंडात टाचण्या धरून समोर बसलेले, आणि मध्ये ही ताडमाड पोरगी. कुणी ओरडेना, कुणी मारेना. मार खायची तयारी तिची होती, या गप्प बसण्याची नव्हती. शेवटी तिलाच बोलावं लागलं.

"पहिलं बटण चुकून निघालं," ती म्हणाली. "दप्तर अडकलं होतं. ती धडपडली आणि सगळ्या हसल्या. मग मी मुद्दाम ओढलं. पुन्हा हसल्या. मग रोज म्हणायच्या, आज काढतेस का? मेणाचा दोरा दिसल्यावर मला कळलं, आईने लावलाय. तेव्हा थांबायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण त्या हसायला लागल्या की माझा हात आपोआप जातो, बाबा. थांबतच नाही." आणि मग रडायला लागली, मोठ्याने, नाक पुसायचंही भान नव्हतं.

मास्तरांनी एकेक टाचणी काढून गादीत खोवली. अकराच्या अकरा. तेवढा वेळ लागलाच.

"मी आठवीत होतो," ते म्हणाले, "तेव्हा एका मुलाला रोज मारायचो. का, ते मला आजही सांगता येत नाही. माझाही हात थांबत नव्हता. पुढे तो शाळेत यायचा बंद झाला. तू जन्मलीस त्या वर्षी एक माणूस कोट शिवायला आला. त्या दारात उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि पायरी न चढता परत गेला. मी टेप हातात घेऊन उभाच राहिलो. मागे धावायला हवं होतं. लाज वाटली. चौदा वर्षं झाली, मी अजून दाराकडे बघतो." त्यांनी बटणांची ओळ तिच्याकडे सरकवली. "तुला धावायला एक दिवस आहे."

ही गोष्ट त्यांनी मलाही कधी सांगितली नव्हती. एवढ्या वर्षांचा संसार, आणि मला वाटायचं, दाराकडे बघतात ते गिऱ्हाइकाच्या वाटेकडे! माझ्या तोंडात अजून टाचणी होती, नाहीतर तेव्हाच रडले असते.

रविवारी सकाळी त्यांनी कोटावरची उरलेली तीन बटणंही कात्रीने कापली आणि सगळा कोट शिडीपुढे ठेवला. सहाही बटणं तिने लावायची. दोरा ओवायलाच वीस मिनिटं गेली. पहिलं बटण उलटं लागलं, दुसरं खिशालाच शिवलं गेलं. दर दोन टाक्यांनी "आई गं!" ऐकू यायचं, आणि मी वरून "काय गं?" विचारायचे. संध्याकाळपर्यंत सहा बटणं लागली आणि बोटांना चार पट्ट्या.

कोट घेऊन आम्ही दोघी नर्सबाईंकडे गेलो. दार रीळनेच उघडलं. शिडीला बघून ती दोन पावलं मागे सरली. ते बघून शिडीचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली.

"बटणं मी काढली, मीच लावलीत," शिडी म्हणाली. "चुकलं माझं. नावही मीच ठेवलं होतं. तेही चुकलं."

रीळने कोट घेतला, उंबऱ्यावर बसली, आणि एकेक बटण दोन्ही हातांनी ओढून पाहायला लागली. अगदी जोर लावून! पहिलं टिकलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याशी ती थांबली.

"हे ढिलं आहे," म्हणाली.

शिडीचे कान लाल झाले. एरवी कुणी तिच्या कामात खोट काढली असती तर गल्ली डोक्यावर घेतली असती. तिने ओठ घट्ट मिटले, माझ्याकडून सुईदोरा मागितला, आणि तिथेच पायरीवर बसून पाचवं बटण पुन्हा लावलं. रीळ शेजारी उभी राहून वेढे मोजत होती. "तीन झाले," ती म्हणाली. शाळेत येणार का, हे विचारायचं धाडस आम्हा दोघींनाही झालं नाही, आणि तिने काही सांगितलं नाही.

सोमवारी माझं कामात लक्षच नव्हतं. एका सदऱ्याला उजवीकडे काज केले, तेही उलट्या बाजूने. मास्तर दर दहा मिनिटांनी दाराकडे बघत होते, आणि आता मला माहीत होतं कशासाठी.

शाळा सुटली आणि शिडी आली. पुढच्या दाराने. दुकानात! केस विस्कटलेले, कोटाची वरची दोन बटणं गायब, एक बाही खांद्यातून उसवलेली. ओठ गच्च मिटलेले.

"कुणी केलं हे?" मी उठलेच. "कुठे आहेत त्या? नावं सांग मला!" शिडी बोलेना. मास्तरांचा हात गादीकडे गेला. चार, पाच, सहा.

शिडीच्या कोपराखालून एक आवाज आला. "ती बोलणार नाही. तिच्या तोंडात बटण आहे."

रीळ होती! शाळेच्या कोटात, पाठीवर दप्तर.

"मधल्या सुट्टीत हिच्या कंपूतल्या माझी बटणं काढायला आल्या," ती भराभर सांगायला लागली. मला माहीतच नव्हतं की या पोरीला एवढं बोलता येतं. "ही मध्ये उभी राहिली. मग त्यांनी हिचीच काढली. आणि म्हणाल्या, हिचे बाबा टाचण्या खातात. हिने मुठी अशा आवळल्या! मला वाटलं, आता एकेकीला आडवी करणार. पण हिने खाली पडलेलं बटण उचललं, फ्रॉकला पुसलं आणि दातांत धरलं. तेव्हापासून तसंच आहे. बाईंनी भूगोलाचा प्रश्न विचारला तरी तोंड उघडलं नाही. अख्खा तास वर्गाबाहेर उभी होती."

शिडीने बटण तळहातावर काढलं. "दोनदा गिळणार होते," ती म्हणाली. मग बापाकडे बघून, हळूच, "कुणाला हात लावला नाही मी, बाबा."

मास्तरांना काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंडात सहा टाचण्या! हसायला गेले तर ओठ हलले, डोळे भरले तर नाक ओढता येईना. टाचण्या असताना हसता येत नाही आणि रडताही येत नाही, हे उस्तादांनी सांगितलंच नव्हतं. "अहो, काढा आधी त्या!" मी ओरडले. त्यांनी घाईघाईने काढल्या, दोन जमिनीवर पडल्या, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ते नुसते उभे राहिले.

रीळने मुठीतलं दुसरं बटण टेबलावर ठेवलं. "हे हिचं. बाकाखाली सापडलं." मग ती आमच्यासमोर उभी राहिली आणि आपल्या कोटाचं एकेक बटण ओढून दाखवायला लागली. सहाच्या सहा जागेवर होती.

"पाचवंसुद्धा," ती म्हणाली, आणि माझ्या स्टुलावर चढून बसली.